शिकणारी कंपनी कशी घडवावी (31 मार्चच्या आत)

अभिनंदन साहेब. टाऊनहॉलमध्ये तुम्ही सांगून टाकलंत की यापुढे आपण 'लर्निंग ऑर्गनायझेशन', टाळ्याही पडल्या, आता फक्त डॅशबोर्डवर हिरवं दिसायला पाहिजे. अवघड नाहीये. मी हिंजवडीत बरीच वर्षं हेच बघतोय, सांगतो.

आधी तासांचं टार्गेट द्या, माणशी वर्षाला 40. चाळीसच का असं कोणी विचारत नाही, विचारलंच तर 'इंडस्ट्री स्टँडर्ड' म्हणायचं. काय शिकायचं ते ठरवत बसू नका, त्यात वाद होतात, तास कसे मोजता येतात. मग एप्रिल ते फेब्रुवारी ट्रेनिंगच्या पोर्टलकडे कुत्रं फिरकत नाही आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अख्ख्या फ्लोअरला ज्ञानाची तहान लागते, एका स्क्रीनवर कोड, दुसऱ्यावर म्यूट केलेला व्हिडिओ दुप्पट स्पीडने, आणि मधूनच कोणीतरी ओरडतं "अरे तुझं नेक्स्ट आलं का?", कारण व्हिडिओ संपेपर्यंत ते बटण राखाडीच राहतं. क्विझची उत्तरं टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या वर्षीपासून पडलेली असतात. सी, बी, बी, आणि जिथे 'वरील सर्व' दिसेल तिथे डोळे झाकून वरील सर्व. याला नॉलेज शेअरिंग म्हणतात, आणि खरं सांगायचं तर आपल्याकडे एवढं सुरळीत चालणारं दुसरं नॉलेज शेअरिंग नाही.

वेळ मात्र अजिबात देऊ नका. गूगलच्या संस्थापकांनी 2004 च्या आयपीओच्या पत्रात लिहिलं होतं की आमच्या लोकांनी 20 टक्के वेळ त्यांना स्वतःला कंपनीच्या फायद्याचं वाटेल त्या कामावर घालवावा. घालवू देत. आपला क्लायंट तासावर पैसे देतो, टाइमशीटमध्ये ट्रेनिंगचा कोड टाकला की युटिलायझेशन, म्हणजे बिल होणाऱ्या तासांचं प्रमाण, घसरतं, ते घसरलं की डिलिव्हरी मॅनेजरचा फोन येतो, आणि तो फोन "काय शिकलास रे बाळा" विचारायला नसतो. तेव्हा शिकणं शनिवारी ठेवा. नाहीतर 'लंच अँड लर्न' करा, जेवणाची सुट्टी त्यांची, समोसा तुमचा.

सर्टिफिकेशनचा मोह तर सोडूच नका. ॲमेझॉनची ती क्लाउड प्रॅक्टिशनरची परीक्षा घ्या, 90 मिनिटं, 65 प्रश्न, त्यातले 15 मार्कांत धरतच नाहीत, 1000 पैकी 700 पडले की पास आणि तीन वर्षं चिंता नाही. फी परत देऊ म्हणा, पण पास झाला तर, बिलं वेळेत टाकली तर, वर्षभर टिकला तर. पोरगं पास झालं की लिंक्डइनवर त्याचा फोटो टाका, खाली 'प्राउड मोमेंट'. आणि सोमवारी त्याला त्याच जुन्या जावाच्या प्रोजेक्टवर परत बसवा जिथे क्लाउड म्हणजे पावसाळ्यात खिडकीतून दिसतात ते. तो दोनदा विचारेल, सर वापरून बघू का एका छोट्या मॉड्यूलमध्ये? क्लायंटचं अप्रूव्हल नाही म्हणा. तिसऱ्यांदा तो विचारणार नाही, इंटरव्ह्यूला जाईल.

लोक विसरतात ही काळजी करू नका. एबिंगहाऊस नावाच्या जर्मन माणसाने 1885 साली स्वतःवरच निरर्थक शब्द पाठ करायचे प्रयोग करून दाखवलं की एका दिवसात दोन तृतीयांश पाठांतर उडून जातं, आणि थोड्या थोड्या दिवसांनी उजळणी केली तर टिकतं. उजळणी कोण करतंय! पुढच्या मार्चमध्ये तोच कोर्स परत असाइन करा, लोकांना तो नवाच वाटतो.

फक्त एका गोष्टीवर नजर ठेवा, लोक भलत्याच ठिकाणी शिकतात. डिसेंबर 2021 मध्ये लॉगफोरजे नावाच्या जावाच्या लायब्ररीतलं (म्हणजे सगळे वापरतात त्या तयार कोडमधलं) सुरक्षेचं भोक उघडं पडलं, दहापैकी दहा गंभीर, आणि त्या वीकेंडला आमच्याकडची पोरं रात्र रात्र जागून आपल्याच प्रोजेक्टच्या आत कुठल्या लायब्ररीला कुठली लायब्ररी लटकलीय ते उकरत बसली. एक जुना सिनिअर, ज्याला तुम्ही 'अपस्किलिंगची गरज' या यादीत टाकलं होतंत, तो प्रत्येकाच्या खुर्चीमागे उभा राहून हे असं का, ते तसं का सांगत होता. दोन वर्षांत शिकली नव्हती ती पोरं तेवढं दोन रात्रींत शिकली. पोर्टलवर त्याचे तास? शून्य. त्या माणसाला अप्रेझलमध्ये लर्निंग तास कमी म्हणून एक रेटिंग खाली मिळालं, ते बरोबरच झालं, नियम म्हणजे नियम. खालच्या टपरीवर चहा पिताना पण असलं अनधिकृत शिक्षण चालतं, तिथे जमलं तर ॲक्सेस कार्ड लावा.

आता एआय. सोपंय. जुनी पीपीटी काढा, 'डिजिटल' च्या जागी 'जेनएआय' टाका, सगळ्यांना कंपल्सरी करा, आणि चॅटबॉटच्या साइट्स ऑफिसच्या नेटवर्कवर ब्लॉक ठेवा.

बाकी तुमच्या स्वतःच्या नावावर 'लीडर्ससाठी एआय' हे मॉड्यूल ओव्हरड्यू दिसत होतं, तीन रिमाइंडर येऊन गेले होते. काळजी नको. सहा महिन्यांपूर्वी जॉईन झालेला तो फ्रेशर आहे ना, त्याला तुमच्या केबिनमध्ये बसवून नेक्स्ट दाबायला लावलंय. मात्र पोरगं खुळं आहे हो, आवाज चालू ठेवून सगळं ऐकत बसलं, नोट्ससुद्धा काढल्या. 92 टक्के पडलेत तुम्हाला.