पाय वाटू नका, माणूस नेमा

गोव्यात पोरांच्या नोकरीचा विषय निघाला की गाडी दोनच स्टेशनांवर थांबते: सरकारी खातं, नाहीतर पोर्तुगीज पासपोर्ट. डिचोलीच्या माझ्या मावसभावाची मुलगी बारावी सायन्स झाली. तिला कृत्रिम हातपाय आणि कॅलिपर (अधू पायाला आधार देणारी पट्टी-सळ्यांची चौकट) बसवण्याचं शिक्षण घ्यायचंय. भावाने विचारलं, "अगं ताई, ह्याची गोव्यात पोस्ट निघते का? की तुझ्यासारखं तिनेही बाहेरच जायचं?"

मी इंग्लंडमध्ये हेच काम करते, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. शिक्षणाची अडचण फारशी नाही. इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांची पदवी, मग रिहॅबिलिटेशन कौन्सिलची नोंदणी. मुंबईत हाजीअलीच्या संस्थेत हा कोर्स आहे. पण शिकून परतल्यावर बसायचं कुठे?

आपल्याकडे कृत्रिम पाय म्हटला की ते वाटायचं शिबिर आठवतं. मंडप, पुढारी, फोटो, सकाळी माप आणि संध्याकाळी पाय. जयपूर फूटला मी नावं ठेवणार नाही. १९६८च्या सुमारास रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी उकिडवं बसता येईल, अनवाणी चालता येईल असं पाऊल बनवलं. इथे इंग्लंडमधली बहुतेक कृत्रिम पावलं बुटाच्या टाचेचा हिशेब धरून लावलेली असतात. बूट काढला की नडगी मागे कलते आणि गुडघा उलटा दाबला जातो. मुलाकडे राहायला आलेल्या फोंड्याच्या एका आजोबांनी मला पहिलाच प्रश्न केला, "देवळात कसं जायचं?" तो प्रश्न इथल्या कॅटलॉगने गृहीतच धरलेला नव्हता.

माझं भांडण त्या पायाशी नाही, शिबिर उठून जातं त्याच्याशी आहे. ऑपरेशननंतरच्या वर्षात स्टंप, म्हणजे कापल्यावर उरलेला पाय, आटत जातो. आज घट्ट बसलेलं सॉकेट, म्हणजे स्टंप ज्यात बसतो ती खोबण, काही महिन्यांत ढिलं होतं. मग फट भरायला स्टंपवर एक मोजा, दोन मोजे, तीन, आणि शेवटी नवं सॉकेट. प्लॅस्टरचा साचा म्हणजे त्या दिवसापुरता पाय. नंतर घासून जखम झाली की मंडपवाल्यांना कुठे शोधायचं? पाय जातो माळ्यावर.

इथे इंग्लंडमध्येही सगळं आलबेल नाही. वेटिंग लिस्ट आहे, कागदपत्रांचा वैताग आहे. पण रुग्ण एकदा आमच्या सेंटरचा झाला की जन्मभर आमचा. फोन करतो, येतो, आम्ही सॉकेट बदलतो.

२०२३मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत मधुमेहात गोवा देशात पहिला होता, २६.४ टक्के. मधुमेहाने जखमा चिघळणाऱ्या पायांना वेळीच मापाचे इनसोल आणि बूट मिळाले तर कित्येक पाय कापावेच लागणार नाहीत, आणि तेही ह्याच पेशाचं काम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकाने दहा लाखांमागे असे पाच ते दहा जण हवेत. २०११च्या जनगणनेत गोवा साडेचौदा लाखांचा होता, म्हणजे सात ते पंधरा जण. एवढ्या पगारांनी कुठलं खातं बुडत नाही.

भावाला सांगितलं, पोरीला पाठव. आणि आमदाराकडे जाशील तेव्हा शिबिर मागू नकोस. म्हापसा-मडगावच्या जिल्हा इस्पितळांत कायमची पोस्ट माग, सोबत एक टेक्निशियन आणि सॉकेट बनवायचे ओव्हन-ग्राइंडर ठेवायला खोली. खोली तळमजल्यावर हवी, हे आधीच लिहून घे.