सॅनिटरी लाइफस्टाइल

"व्हिडिओ गेम्समुळे आपल्या मुलांची लाइफस्टाइल सॅनिटरी होत चालली आहे," असं मी गेल्या शुक्रवारी दीडेकशे माणसांसमोर, माइकवर, इंग्रजीतून म्हणालो. म्हणायचं होतं सेडेंटरी. म्हणजे बैठी. पहिल्या रांगेतल्या एक बाई तोंडाला पदर लावून हलायला लागल्या. माझी आठवीतली लेक शेजारीच उभी होती, ती हसली नाही. ती वरच्या पंख्याकडे बघत राहिली. ते जास्त लागलं.

पालक-पाल्य इंग्रजी संवाद हे लेकीच्या शाळेने यंदाच काढलेलं खूळ. चिठ्ठी उचलायची आणि येईल त्या विषयावर बाप आणि मूल दोघांनी दोन-दोन मिनिटं बोलायचं. शेजारच्या कुटुंबाला 'माय फेवरिट फ्रूट' आलं. हापूसच्या मुलखात हा विषय म्हणजे तोंडात घातलेला घास. आम्हाला 'सोशल इम्पॅक्ट ऑफ व्हिडिओ गेम्स'. मी पतसंस्थेतला कॅशियर. माझं इंग्रजी पाचवीला सुरू झालं आणि बारावीला त्याने माझा निरोप घेतला.

विषयाबरोबर शब्दांची एक फिकट झेरॉक्स मिळाली. ३८ शब्द. कॅशियरला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. वाईट बाजूचे २९, चांगल्या बाजूचे ६, आणि ३ कुठल्याच खात्यात बसेनात. ॲडिक्टिव्ह, कम्पल्सिव्ह, टॉक्सिक, सायबरबुलिंग, डिसेन्सिटाइज, एस्केपिझम अशी एका अंगाला रांगच्या रांग. दुसऱ्या अंगाला टीमवर्क, प्रॉब्लेम सॉल्व्हिंग आणि बिचारं हँड-आय कोऑर्डिनेशन. निकाल ठरवून मग पंच बोलवायचे, तशातला प्रकार. गेम खेळणारं पोर या यादीतून निर्दोष सुटायचं म्हटलं तर त्याला बाजू मांडायला शब्दच शिल्लक नव्हते.

तरी अभ्यास केला. रात्री जागून माहिती जमवली. पाठांतराला मात्र जागा एकच, कुडाळ-मालवण एसटी.

आणि त्या एसटीत ते आजोबा.

खिडकीशी बसले होते. मांडीवर सुक्या बांगड्यांची पिशवी, हातात मोबाइल, मोबाइलवर लुडो, आणि लुडोचा आवाज असा की फासा पडला की ड्रायव्हरने मागे बघावं. मी झेरॉक्स काढून ओठांतल्या ओठांत पुटपुटायला लागलो. दोन स्टॉप त्यांनी सोसलं.

"काय रे, मंत्र म्हणतंस?"

मी सांगितलं, लेकीच्या शाळेत व्हिडिओ गेमच्या दुष्परिणामांवर बोलायचंय, त्याचे इंग्रजी शब्द.

"दुस्परिणाम?" सोंगटी पुढे सरकवत ते म्हणाले. "सांग बगया एक."

मी डिसेन्सिटाइज सांगितला. पडद्यावर मारामारी बघून बघून मुलांच्या भावना बोथट होतात, असा अर्थ. आजोबांनी मोबाइल पहिल्यांदाच खाली ठेवला.

"मिया दशावतारात तीस वर्षा संकासुराचा काम केलंय. रोज रात्री विष्णू माका मारता. पुढच्या रांगेत पोरां बसलेली. बोथट खंय झाली? सकाळी तीच पोरां माका चाय घेवन येत."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या दशावतारात मूळ आख्यानाआधी आडदशावतार असतो. त्यात वेद चोरणारा हा काळा संकासुर येतो, मालवणीत टवाळी करतो, आणि शेवटी मारला जातो. हल्ली वेळ वाचवायला हा भाग बऱ्याचदा गाळतात. म्हणजे आजोबांना विष्णूने मारलं नाही इतकं घड्याळाने मारलं.

"मारलो तरी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात मिया परत उभो," ते म्हणाले. "ह्याका काय म्हणतत इंग्रजीत?"

रिस्पॉन. यादीत एकविसावा होता. मी सांगितला. "रिस्पॉन," त्यांनी तोंडात घोळवला, आणि मागच्या बाकावरच्या मासेवालीला वळून म्हणाले, "गे, मिया तीस वर्षा रिस्पॉन करी होतंय!" ती म्हणाली, "मगे डाक्टराक दाकव."

आता मला चेव आला. मी गेमिंग डिसऑर्डर काढला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तो आपल्या आजारांच्या यादीत घेतला, १ जानेवारी २०२२ पासून ती यादी लागू झाली. खेळावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होतो, नुकसान दिसत असूनही सुटत नाही. आणि हे साधारण १२ महिने चालू असेल तर आजार म्हणायचा, असं सगळं दमात सांगितलं.

"बारा म्हयने?" आजोबा म्हणाले. "माझो झील बारा वर्षा काय करणा नाय. गेम पण खेळणा नाय. तेचा इंग्रजी काय?"

यादीत नव्हतं.

मग मी चीन काढला. २०२१ पासून तिथे १८ वर्षांखालच्या मुलांना ऑनलाइन गेम फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सरकारी सुट्टीला, तोही रात्री ८ ते ९. आजोबांना हे फार आवडलं. "म्हणजे आमच्या लायटीसारख्या," ते म्हणाले. "येता कधी, जाता कधी." बेल्जियमने २०१८ मध्ये लूट बॉक्सला जुगार ठरवलं हेही सांगितलं. पैसे देऊन बंद पेटी घ्यायची, आत काय निघेल ते नशीब. आजोबा विचारात पडले. "जत्रेत असता तसाच. पाच रुपयाक चिठी फाडायची, साबण गावता." एवढं नेमकं स्पष्टीकरण मला रात्रभर शोधून इंग्रजीत मिळालं नव्हतं, आणि मिळालं असतं तरी स्टेजवर 'साबण गावता' चाललं नसतं.

इथवर ठीक होतं. घात झाला तो सेडेंटरीवर. मी म्हटलं, सेडेंटरी.

"सॅनिटरी?"

"नाही, से-डें-ट-री."

"तांच सांगतंय. माझ्या जावयाचा दुकान असा. टाइल्स आनी सॅनिटरी." त्यांनी खिशातून कार्ड काढून माझ्या खिशात घातलं. "कमोड घेवचो झालो तर माझा नाव सांग."

मी म्हटलं, आजोबा, सेडेंटरी म्हणजे बसून राहणं. ते म्हणाले, "मगे कमोडार काय उभो ऱ्हवतंस?" मासेवाली खोकण्याच्या निमित्ताने खिडकीबाहेर वाकली. कंडक्टर तिकिटं तपासत आला आणि म्हणाला, "सॅनिटरीवाले कोण? दुकान पुढच्या स्टॉपला." त्यानंतर मालवण येईपर्यंत मी शंभरदा सेडेंटरी म्हटलं असेल, पण तोवर शब्दाला पाणी लागलं होतं.

तेव्हा त्या हशाबद्दल माझी तक्रार नाही. तो मी कमावला होता.

तक्रार आहे ती पुढच्या वाक्याची. मी म्हणालो, गेममध्ये प्रत्येक खेळाडू आपला अवतार निवडतो. इतकं साधं. तर घंटा घेऊन बसलेल्या मॅडम माझं वाक्य तोडून, माइकवर, गोड आवाजात म्हणाल्या, "सर, ॲव्हटार. इट्स ॲव्हटार." आणि दीडशे माणसांनी मान डोलावली. त्यातल्या निम्म्यांनी अजून जत्रेतला दशावतार चुकवलेला नाही. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार ज्यांना झोपेत पाठ, ते! 'अल्टिमा फोर: क्वेस्ट ऑफ द ॲव्हटार' नावाच्या अमेरिकन गेमने १९८५ मध्ये हा शब्द थेट नावातच घेतला. त्याच्या आधी कितीतरी शतकं आमच्या देवळांपुढे तो रंग लावून नाचत होता. पतसंस्थेत मी वीस वर्षं काढली. कर्जदार वसुलीला दारात आलेला मी पहिल्यांदाच बघितला.

मी काय केलं? "सॉरी, ॲव्हटार," म्हणालो. हे मला अजून पचलेलं नाही.

रात्री जेवताना लेक म्हणाली, "बाबा, जाऊ दे ना, तुझं कंटेंट चांगलं होतं." तिला दुसरं बक्षीस मिळालं. तिने २९ शब्दांपैकी १७ वापरले होते, एकही चुकला नव्हता, आणि घरी येताच ती फोन घेऊन खोलीत गेली. मी विचारलं, का खेळतेस गं एवढं? तर म्हणाली, "करमत नाही." इंग्रजीत कम्पल्सिव्ह म्हणणारी पोरगी मराठीत हे म्हणाली. करमत नाही याला त्या झेरॉक्सवर शब्द नव्हता. ग्राउंड हाही नव्हता. आम्ही ज्या मळ्यात क्रिकेट खेळलो तिथे आता स्कूल बस उभ्या राहतात, खाली पेव्हर ब्लॉक, कडेला 'खेळण्यास मनाई' अशी पाटी. किनाऱ्यावर जावं तर डिसेंबरभर पर्यटक, पॅराशूट आणि बनाना बोटी. पबजीवर सरकारने २ सप्टेंबर २०२० ला बंदी घातली, तेव्हा पालकांच्या ग्रुपवर लाडवांचे फोटो पडले होते. मैदान गेलं तेव्हा कुणी काही टाकल्याचं मला आठवत नाही. मीही टाकलं नव्हतं, खरं तर.

असो. रविवारी संडासातला फ्लश गळायला लागला. बायको म्हणाली, तुझ्या शर्टात कुठलं तरी कार्ड होतं ना? ती ते धुवायच्या आधी वाचते, हे आमच्या संसाराचं रहस्य आहे.

गेलो. दुकानात पांढऱ्या कमोडांची रांग, मागे काउंटर, काउंटरमागे जावई. मान खाली, दोन्ही अंगठे मोबाइलवर, मोबाइलमधून गोळीबार.

"फ्लशचा वॉशर आहे का?"

त्याने वर बघितलं. थोडं निरखून बघितलं.

"तुमीच काय ते? सासरे सांगी होते. शाळेत सॅनिटरीवर भाषण केल्यात तां?"

शुक्रवारी मालवणातल्या सभागृहात घडलेलं रविवारपर्यंत इथे पोचलं होतं. मी म्हटलं, हो, मीच.

"बसा," तो कमोडाकडे हात करत म्हणाला. "मॅच संपांदे."