बॉम्बे स्ट्रीटवरून कोकणाकडे पाहताना

'आपापल्या माणसांत राहावे, आपापल्या माणसांकडूनच घ्यावे, म्हणजे वादच नको,' असे आता कोकणातली शिकली-सवरलेली माणसेही बोलू लागली आहेत. मार्च २०२५ मध्ये राजापूरच्या शिमग्यात होळीचा माड, म्हणजे मिरवत आणलेला झाडाचा लांब बुंधा, मशिदीच्या दाराशी नेल्याचा व्हिडिओ देशभर फिरला, तेव्हापासून दापोली तालुक्यातल्या आमच्या नातलगांच्या ग्रुपवर हा सल्ला वारंवार येतो. तो देणाऱ्यांना दंगल नको आहे, याबद्दल मला शंका नाही. पण मी राहते त्या उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये हाच सल्ला पन्नासहून अधिक वर्षे अमलात आहे, आणि त्यातून काय पदरात पडले ते मी पाहते आहे.

इथे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांच्या मध्ये भिंती आहेत. ऑगस्ट १९६९ मध्ये जमावाने बॉम्बे स्ट्रीट ही कॅथलिक गल्ली जाळली, आणि पुढे लष्कराने मधल्या जागेत काटेरी तारा ओढल्या. त्या तात्पुरत्या होत्या. तारांच्या जागी पत्रे आले, पत्र्यांच्या जागी भिंती. साडेतीन हजारांहून अधिक माणसांचा जीव घेणाऱ्या त्या संघर्षानंतर १९९८ मध्ये शांतता करार झाला, तरी भिंती कमी होण्याऐवजी काही ठिकाणी नव्याने उभ्या राहिल्या. २०२३ पर्यंत त्या हटवायच्या असे इथल्या सरकारने २०१३ मध्ये ठरवले होते. ते झाले नाही, कारण भिंतीलगत राहणाऱ्या अनेकांनाच त्या जाण्याची धास्ती वाटते. पुन्हा बांधलेल्या बॉम्बे स्ट्रीटवरच्या घरांच्या परसावर आजही जाळीचे पिंजरे आहेत, पलीकडून काही भिरकावले तर घरावर पडू नये म्हणून. त्या जाळीखाली वाळत घातलेले कपडे आणि मुलांच्या सायकली मी पाहिल्या आहेत. जवळच्या लॅनार्क वे या रस्त्यावरचे भिंतीतले फाटक रात्री बंद होते. एप्रिल २०२१ मध्ये तिथेच दोन्हीकडच्या पोरांनी एकमेकांवर दगड आणि पेट्रोलबॉम्ब फेकले, आणि त्यांतली कित्येक करारानंतर जन्मलेली होती. ज्या दिवसांची त्यांना आठवणच नाही, त्या दिवसांचे वैर त्यांच्यापर्यंत कसे पोहोचले? त्यांच्या शाळा वेगळ्या आहेत, दुकाने वेगळी आहेत, आणि पलीकडचे एकही घर त्यांनी आतून पाहिलेले नाही.

कोकणात असा रक्तपात झालेला नाही, हे खरे. पण भीती आपल्याकडेही आहे. १९९३ मध्ये श्रीवर्धनजवळ शेखाडीच्या किनाऱ्यावर मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटके उतरली, आणि ज्यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता अशा किनाऱ्यावरच्या मुसलमान कुटुंबांकडेही लोक संशयाने पाहू लागले. १९९२-९३ च्या मुंबईच्या दंगलीनंतर ठाण्याजवळच्या मुंब्र्याला गेलेली कित्येक मुसलमान कुटुंबे परत फिरली नाहीत.

सलोख्याची गोष्ट निघाली की आपण शीरखुर्मा आणि मोदकांच्या देवाणघेवाणीबद्दल बोलतो. ती मला प्रिय आहे, पण माझा भरवसा अधिक आहे तो रोजच्या व्यवहारावर. आंब्याची बाग मोहल्ल्यातल्या मुसलमान मालकाची, ती कराराने घेणारा आणि फवारणी-काढणी करणारा वाडीतला हिंदू, आणि वाशीला पेटी गेली की दोघांचे पैसे एकाच हिशेबात. हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव लागतो तेव्हा बोली लावणारा पापलेटचे कल्ले बघतो, विकणाऱ्याचे आडनाव नव्हे. अफवा उठली की अशा व्यवहारातला माणूस ती पुढे ढकलण्याआधी समोरच्याला फोन करून विचारतो. 'त्यांच्याकडून घेऊ नका' हा सल्ला नेमका तो फोन बंद करणारा आहे, म्हणून मला तो इतका घातक वाटतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये बेलफास्टमध्ये जमावाने स्थलांतरितांची, त्यांतही मुसलमानांची दुकाने फोडली आणि जाळली. त्या आठवड्यात आम्ही मराठी घरांनीही संध्याकाळी बाहेर पडणे टाळले, कारण वर्ण पाहून धावून येणाऱ्याला आमचा धर्म विचारण्याची गरज नव्हती. आपल्या गावातल्या मुसलमान शेजाऱ्याला मिरवणुकीच्या रात्री घरात बसून काय वाटत असेल, ते मला तेव्हा उमगले.

गावकऱ्यांना माझी विनंती साधी आहे. शिमग्याआधीची शांतता समितीची बैठक केवळ पोलिसांनी बोलावली म्हणून न होता मानकरी आणि मोहल्ल्यातल्या जाणत्यांनी स्वतःहून बोलवावी, आणि माड कुठून जाणार, कोणत्या वेळी जाणार, हे तिथेच ठरावे. जिल्हा परिषदेच्या मराठी आणि उर्दू शाळा वेगळ्या असल्या तरी त्यांच्या सहली आणि खेळांच्या स्पर्धा एकत्र घेता येतात. बेलफास्टजवळ दोन्ही पंथांच्या मुलांची पहिली एकत्र माध्यमिक शाळा, लागन कॉलेज, १९८१ मध्ये अवघ्या २८ मुलांवर सुरू झाली, तीही पालकांच्या आग्रहामुळे. आजही इथल्या शंभरातली दहा मुलेसुद्धा अशा एकत्र शाळांत जात नाहीत. आपल्या मुलांना एका मैदानावर आणायला अजून कुठलीही भिंत आड येत नाही. तेव्हा ते येत्या शाळेच्या वर्षापासूनच सुरू करावे.