‘विश्वास पुरे, मग सेवा कशाला?’ : फिरत्या मेसेजला उत्तर

आमच्या पेठेच्या ग्रुपवर एक मेसेज तिसऱ्यांदा आला. थोडक्यात असा : ‘ल्यूथरन चर्च इंग्रजांनी आणलं, कोल्हापुरातली चर्चही त्यांचीच. नुसत्या विश्वासाने तारण होतं असं ल्यूथर सांगतो, मग शाळा-दवाखाने कशाला? धर्मांतराचं आमिष. आणि सामाजिक न्यायावर त्यांनी बोलू नये, जात त्यांच्यातही आहे.’ (ल्यूथर म्हणजे सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर, त्याच्या मागे चालणारे ते ल्यूथरन. तारण म्हणजे पापातून सुटका.) मेसेज पाठवणारे दादा रोज रंकाळ्यावर भेटतात. तोंडी सांगून झालं, आता लिहून देतो.

आधी कोल्हापूर. इथे १८५२ साली आलेले मिशनरी रॉयल वाइल्डर अमेरिकन होते, आणि त्यांचं काम पुढे प्रेसबिटेरियन या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनकडे गेलं. मी त्याच परंपरेतल्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या समाजात, वाढलो. आम्हाला ल्यूथरन म्हणणं म्हणजे गंगावेसच्या पैलवानाला शाहूपुरी तालमीचा म्हणणं. हसून सोडलं तर नशीब.

‘इंग्रजांनी आणलं’ हेही नाही. भारतातले पहिले ल्यूथरन मिशनरी १७०६ साली तमिळ किनाऱ्यावर तरंगमबाडीला उतरले. दोघेही जर्मन, पाठवणारा डेन्मार्कचा राजा. प्लासीच्या लढाईला अजून ५१ वर्षं होती. त्यातल्या झिगेनबाल्गला तर तिथल्या डॅनिश अधिकाऱ्यानेच चार महिने कोंडून ठेवलं.

खरी गंमत विश्वासाच्या मुद्द्यात आहे, कारण तिथे मेसेजने ल्यूथरला उलटाच धरलाय. त्याच्या काळात दानधर्म म्हणजे पुण्याचा हिशेब होता. भिकाऱ्याच्या हातावर नाणं पडायचं ते देणाऱ्याच्या आत्म्यासाठी. ल्यूथर म्हणाला, तारण कृपेने फुकट मिळतं. म्हणजे आता शेजाऱ्याला मदत करताना स्वतःचा फायदा बघायचं कारणच उरलं नाही. ख्रिस्ती माणूस कुणाचा गुलाम नाही, आणि तो सगळ्यांचा सेवक आहे, ही दोन्ही विधानं त्याने १५२० साली शेजारी-शेजारी मांडली.

आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. १५२३ मध्ये सॅक्सनीतल्या लाइस्निग गावाने सामाईक पेटीची योजना आखली. पेटीला चार कुलपं, वर दहा कारभारी, त्यात तीन खेड्यातले शेतकरी. पैसा जायचा तो अनाथांना, म्हाताऱ्यांना, शाळेला, अडलेल्या कारागिराला कर्जाऊ. प्रस्तावना ल्यूथरची. सहकारात मुरलेल्या आपल्या जिल्ह्याला हे नवीन वाटू नये. (चार कुलपांची युक्ती आपल्याकडच्या काही पतसंस्थांनाही मानवली असती.)

आमिषाचं म्हणाल, तर माणसं ख्रिस्ती व्हावीत असं मिशनऱ्यांना वाटत होतंच. त्यांनी ते लपवलं नाही. पण मिरजेत मिशनरी डॉ. वानलेस यांचं रुग्णालय १८९४ पासून आहे. तिथे मोतीबिंदू काढलेला प्रत्येक जण बाटला असता, तर निम्मा दक्षिण महाराष्ट्र रविवारी उपासनेला दिसला असता. जिल्ह्यात आम्ही शंभरात एकही नाही. २०१९ च्या महापुरात मंडळीतल्या बायका चपात्या लाटत होत्या, तेव्हा पाकिटं कुणाकडे जाणार हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

सामाजिक न्यायाबद्दल मात्र मी दादांशी अर्धा सहमत. १५२५ साली शेतकरी उठले तेव्हा ल्यूथरने सरदारांना त्यांना कापून काढायला सांगितलं. यहुद्यांबद्दल १५४३ मध्ये त्याने जे लिहिलं ते वाचवत नाही. पण त्याचं नाव लावणाऱ्या चर्चनी ते झाकलं नाही. ल्यूथरन जागतिक महासंघाने १९८४ मध्ये त्याची ती यहुदीविरोधी वचनं नाकारली. त्याच वर्षी बुडापेस्टच्या अधिवेशनात दक्षिण आफ्रिकेकडच्या दोन गोऱ्या चर्चचं सदस्यत्व स्थगित केलं, कारण काळ्या बांधवांसोबत एका मेजावर प्रभुभोजन (भाकर-द्राक्षरसाचा विधी) घ्यायला त्या तयार नव्हत्या. वर्णभेद हा राजकारणाचा नव्हे, श्रद्धेचाच प्रश्न आहे, असं महासंघाने त्याआधी १९७७ मध्येच ठरवलं होतं.

राहिली जात. ती आमच्यात आहे. तमिळ मुलखातल्या जुन्या ल्यूथरन मंडळ्यांमध्ये तर चर्चमध्ये बसायच्या जागाही वेगळ्या असत. आणि आपल्याकडे लग्नाची बोलणी सुरू झाली की ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न पाळकासमोरच, म्हणजे आमच्या धर्मगुरूसमोरच, निघतो. शाहू महाराजांनी १९०२ साली पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या त्या या गावात आम्हीही बसतो, आणि तरी निघतो. मेसेजने हा मुद्दा शेवटच्या ओळीत उरकलाय. दादा, तुम्ही एवढा एकच पाठवला असता तर मी उत्तर लिहिलं नसतं. आमच्या मंडळीच्या ग्रुपवर पुढे पाठवला असता.