‘एक जाणकार’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

ठाणे खाडीतल्या अन्नसाखळीत पारा लहान माशांपेक्षा मोठ्या शिकारी माशांत जास्त साठतो, असं मी लिहिलं, त्याखाली ‘एक जाणकार’ या टोपणनावाने लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. त्यातलं एक वाक्य असं: ‘ऊर्जा दर पायरीला दहा टक्केच पुढे जाते, मग पाराही तेवढाच जाणार, म्हणजे मोठा मासा उलट सुरक्षित. ताई, एसीत बसून कोळ्यांच्या पोटावर पाय देऊ नका, आधी खाडी बघून या.’

मतभेद असावेत, पण ही काय बोलायची पद्धत? माझं माहेर विटाव्याचं. आजी कळव्याच्या बाजारात टोपली घेऊन बसायची. बोय मासळी चिरली की पोटातून काळाशार चिखल निघायचा, तो ती अंगठ्याने खरवडून टाकायची. खाडी मला दाखवायला कुणी जाणकार नको.

दहा टक्के हा ढोबळ आकडा आहे, कुठे पाच तर कुठे वीस, हे तुमचं म्हणणं मान्य. पण पुढचा हिशेब?

बोय गाळातलं शेवाळ, सडका पाला खाते. जिताडा हा मोठा शिकारी मासा, तो बोय गिळतो. बोयीतून मिळालेली बहुतेक ऊर्जा तो पोहण्यात, श्वासात खर्च करतो, ती उष्णता होऊन जाते. पारा कशात खर्च होणार? प्राणवायू नसलेल्या गाळात जिवाणू त्याचा मिथाइल पारा, म्हणजे जास्त विषारी रूप, करतात. तो मांसातल्या प्रथिनांना धरून बसतो, बाहेर पडता पडत नाही. किराणा संपतो, पिशव्या साठत जातात, तसं. जिताड्याचं वजन किलोभर वाढायला कित्येक किलो मासळी लागते, आणि तिच्यातला बराचसा पारा त्या किलोभरात येऊन बसतो. म्हणजे दहा टक्क्यांचा नियम तुम्ही माझ्यावर उगारलात खरा, पण तो माझ्याच बाजूने बोलतोय! डीडीटी या कीटकनाशकाचंही तेच, फक्त ते चरबीत साठतं. अमेरिकेतल्या लाँग आयलंडच्या खाडीवरचा अभ्यास १९६७ साली छापून आला. तिथे प्लवकांत, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांत, डीडीटी होतं दशलक्ष भागांत ०.०४ भाग, आणि मासे खाणाऱ्या कुरव पक्ष्याच्या एका जातीत सुमारे ७५. करा भागाकार.

आणि कोळ्यांचा कळवळा मला शिकवू नका. जपानमध्ये पारा असलेले मासे खाऊन होणारा मिनामाताचा आजार १९५६ साली उघडकीस आला, तेव्हा सगळ्यात जास्त भोगलं ते मासेमारांच्याच घरांनी. मासे खाऊ नका असं मी लेखात कुठेही म्हटलेलं नाही. पुन्हा वाचा, या वेळी शेवटपर्यंत.

बाकीच्या मुद्द्यांत फार दम नाही. ‘फ्लेमिंगो येतात म्हणजे खाडी स्वच्छ’ हे तर नेहमीचंच. आपल्याकडे जास्त दिसणारा छोटा फ्लेमिंगो मुख्यतः सूक्ष्म शेवाळ खातो, साखळीच्या तळाशीच जेवतो. त्याच्यावरून जिताड्याचं काय कळणार? पाणी सुधारल्याचं म्हणता, तर गाळाचं बोला.

राहता राहिला माझ्या लेखातला फोटो. अंधूक आहेच, हलत्या होडीतून काढलाय. तुमच्याकडे चांगला असेल तर पाठवा, लावते. मात्र खाली खरं नाव लागेल.