कोयना धरणाचे तडे उघडलेले नाहीत. तो मेसेज पुढे पाठवू नका

‘कोयना धरणाला १९६७ साली गेलेले तडे पुन्हा उघडलेत, सरकार लपवतंय, आज रात्री दरवाजे उघडणार, पाटण-कराड-सांगली वाहून जाणार, पानशेत आठवा.’ घाबऱ्या आवाजातली अशी एक क्लिप आणि तिच्याखालचा लांबलचक मजकूर सध्या पावसाइतकाच जोरात फिरतोय. तो पाटण तालुक्यात नदीकाठी राहणाऱ्या माझ्या आत्याकडे पोचला. तिने रात्री दावणीच्या म्हशी सोडून दिल्या आणि दुखरे गुडघे घेऊन भर पावसात वरच्या वस्तीवर चालत गेली. सकाळी धरण जागच्या जागी होतं. एक म्हैस मात्र अजून सापडलेली नाही. ज्यांनी हे ‘काळजीपोटी’ पुढे ढकललं, त्यांनी पुढचं नीट वाचावं.

आधी तड्यांचं बघू, कारण माणसं घाबरतात ती त्यालाच. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. दीडशेहून अधिक माणसं गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झालं. धरणाला तडे गेले, ही गोष्ट खरी आहे आणि ती कधीच कुणी लपवलेली नाही. उलट जगभरचे धरण-अभियंते आजही आपली गणितं तपासायला कोयनेचंच उदाहरण घेतात, कारण भूकंपमापक यंत्र थेट धरणातच बसवलेलं होतं आणि हादऱ्याची नोंद जशीच्या तशी मिळाली. ती नोंद काय सांगते? भूकंपासाठी धरणाची आखणी करताना गुरुत्वीय त्वरणाच्या ०.०५ पट इतका आडवा जोर धरला होता. प्रत्यक्षात धरणाने सोसला तो सुमारे ०.४९ पट. त्या वेळी १०३ मीटर उंचीच्या या भिंतीमागे जवळपास ९२ मीटर पाणी उभं होतं. म्हणजे धरण बरंचसं भरलेलं, धक्का हिशेबाच्या कितीतरी पट मोठा, आणि तरीही ते उभं राहिलं.

तडे पडले ते सांडव्याच्या (जादा पाणी जिथून सोडतात त्या भागाच्या) दोन्ही बाजूंच्या उंच भागांत, जिथे भिंतीच्या नदीकडच्या, कोरड्या बाजूचा उतार एकदम बदलतो त्या पट्ट्यात. तळाशी नाही. नंतर पाण्याची पातळी खाली आणली, तड्यांत इपॉक्सी (घट्ट धरणारं रसायन) भरलं, वरून खाली ताणलेल्या पोलादी तारा घालून भिंत आवळली आणि पुढे त्या भागांना कोरड्या बाजूने काँक्रीटचे जाडजूड आधार दिले. सांडव्याच्या भागाचं मजबुतीकरणही या शतकाच्या पहिल्या दशकात झालं. ‘तेच तडे उघडले’ म्हणणाऱ्याला हे आधार माहीतच नाहीत, कारण १९६७ ची उघडी भिंत आज तिथे नाही.

क्लिपसोबत एक व्हिडिओ आहे, भिंतीच्या पायथ्याशी पांढरंफेक पाणी उसळतंय. ते पायथा वीजगृहातून सोडलेलं पाणी आहे. दोन्ही युनिट सुरू असली की तिथून २,१०० क्युसेक (सेकंदाला इतके घनफूट) पाणी नदीत जातं आणि ही बातमी दर पावसाळ्यात पेपरात येते. भिंतीच्या आतल्या गॅलरीत थोडं पाणी झिरपणं हेही प्रत्येक मोठ्या धरणात असतं. ते काढून द्यायलाच निचऱ्याची भोकं ठेवलेली असतात आणि रोज किती झिरपतं याची मोजणी होते. चिंता करायची ती हा आकडा अचानक वाढला किंवा पाणी गढूळ यायला लागलं तर.

पानशेतचं नाव घेऊन पुण्या-साताऱ्याकडच्या कुणालाही घाबरवता येतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं ते मातीचं धरण होतं, काम पुरतं झालेलं नसताना त्यात पाणी अडवलं होतं, भरावाखालून जाणाऱ्या नळात बिघाड झाला आणि भराव खचला. कोयना ही काँक्रीटची, स्वतःच्या वजनावर उभी असलेली भिंत आहे. दोन्हीला ‘धरण’ म्हणतात, साम्य तेवढंच.

भूकंपाबद्दल मात्र थोडं मान्य करावं लागेल. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयामुळे या पट्ट्यात भूकंप सुरू झाले हे शास्त्रज्ञही मानतात. कोयना त्याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आहे. पण जमिनीतला ताण मुळात तिथे होताच, पाण्याने त्याला वाट दिली. आणि ३ तीव्रतेच्या धक्क्याने ताटं-वाट्या वाजल्या म्हणून धरण तडकलं, असा अर्थ होत नाही.

आता सगळ्यात जास्त पटणारा आणि सगळ्यात जास्त चुकीचा मुद्दा. ‘धरण पूर अडवायला बांधलं, पण विजेच्या लोभापायी भरून ठेवतात आणि मग एकदम सोडतात.’ कोयना मुळात विजेसाठीच बांधलं. पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे उतरवून वीज करायची, हाच त्याचा उद्देश. पूर कमी करणं हा जोडीला मिळालेला फायदा आहे, आणि त्याला मर्यादा आहे. हिशोब करून बघा. १ लाख क्युसेक आवक २४ तास टिकली तर ८.६४ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी जमतं. १०५.२५ टीएमसीच्या धरणात २० टीएमसी जागा रिकामी ठेवली, तरी एक थेंबही न सोडता ती अडीच दिवससुद्धा पुरत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस अडीच दिवसांत थांबतो का? म्हणून आवकेपेक्षा कमी विसर्ग आधीपासून सुरू ठेवावा लागतो. १ लाख येत असताना ५० हजार सोडले, तर धरण नसतं तर खालच्या गावांत जितकं पाणी आलं असतं, त्याच्या निम्मंच येतं. त्या दिवशी बातमी मात्र ‘कोयनेतून ५० हजार क्युसेक सोडले’ अशीच येते.

‘सगळं पाणी पश्चिमेला वळवा’ म्हणणाऱ्यांनी चिपळूणचा विचार करावा. ते पाणी वाशिष्ठीत जातं. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय.

आणि सांगली फक्त कोयनेच्या पाण्याने बुडत नाही. कोयनेचं पाणलोट क्षेत्र जेमतेम ८९२ चौरस किलोमीटर. सांगलीला कृष्णा, वेण्णा, उरमोडी, तारळी यांचं पाणी येतं आणि शहराच्या खाली हरिपूरला वारणा मिळाली की पाणी तुंबून फुगवटा मागे शहराकडे सरकतो. धरणांच्या खाली पडलेला पाऊस तर कुठलाच दरवाजा अडवू शकत नाही. २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ असताना. ऑगस्टच्या सुरुवातीला धरणात किती जागा मोकळी ठेवायची हा प्रश्न त्यानंतर अनेकांनी विचारला, आणि तो रास्त आहे. तो विचाराच. पण त्याचं उत्तर तड्यांच्या अफवेत नाही.

‘दरवाजे रात्रीच का उघडतात?’ कारण आवक घड्याळ बघून वाढत नाही.

तक्रार लावून धरायचीच असेल तर ती इशाऱ्याची धरा. ‘सहा वक्र दरवाजे अमुक फूट उचलून तमुक क्युसेक विसर्ग’ हे वाचून माझ्या आत्याला काही कळत नाही. मुळगावचा पूल किती वाजता पाण्याखाली जाईल, तांबव्यापर्यंत पाणी पोचायला किती तास लागतील, कुठल्या ओढ्यापलीकडची जनावरं आधी हलवायची, हे तिच्या गावच्या भोंग्यावरून तिच्या भाषेत आणि उजेड असतानाच सांगितलं गेलं पाहिजे. तहसील कार्यालयात जाऊन हे मागा, ग्रामसभेत ठराव करा. त्यासाठी मी सोबत यायला तयार आहे.