‘सेफार्दी उच्चार’ हे अर्धंच खरं

आजच्या इस्रायली हिब्रूचे उच्चार सेफार्दी (मूळ स्पेन-पोर्तुगालकडच्या ज्यूंचे), असं लेखात म्हटलंय. स्वरांपुरतं ठीक. व्यंजनं मात्र बरीचशी अश्केनाझी (मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या) वळणाची: ‘आयिन’ हे व्यंजन जवळपास गायब, ‘हेत’ आणि पोटात बिंदू नसलेला ‘काफ’ ही दोन्ही व्यंजनं एकाच खरखरीत ‘ख’वर येतात. येमेनी आणि बगदादी ज्यूंच्या परंपरेत आयिन, हेत अजून अरबीसारखे गळ्यातून निघतात.

‘शब्बात’ (ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस) हाच शब्द घ्या. शेवटच्या ‘ताव’ या व्यंजनात बिंदू नाही, म्हणून अश्केनाझी ‘शाबोस’ म्हणतात, आघात पहिल्या अक्षरावर. येमेनी तिथे जीभ दातांत धरून ‘थ’ म्हणतात (आपला थ नव्हे). ‘कामात्स’ या स्वरचिन्हाचा उच्चारही त्यांच्यात ‘ओ’कडे झुकतो (सेफार्दींत तो एरवी ‘आ’), तेव्हा येमेनींना सेफार्दींत ढकलू नका.

आणि ‘होखमा’तला (शहाणपण) ‘हो’, लिहिताना कामात्सच असला तरी, सेफार्दींतही ‘हो’च राहतो, कारण अक्षर बंद (व्यंजनावर संपणारं) आणि आघाताविना. नवशिके हमखास ‘हाखमा’ वाचतात.